हवेवर चालणारा हायड्रॉलिक जॅक: जोडणी आणि सुरक्षित वापराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनवेलपासून बांद्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ लगतच्या टायरच्या दुकानांत आणि गॅरेजांत हवेचा जॅक आता नेहमीचे अवजार झाले आहे. त्याविषयी आमच्याकडे प्रश्न येतात ते मुख्यतः दोन वेळा: आंब्याच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये, आणि पहिल्या पावसानंतर जमीन मऊ झाली की. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात परत न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आपल्या जॅकच्या पुस्तिकेतील सूचना आणि येथील मजकूर यांत फरक आढळल्यास पुस्तिका प्रमाण मानावी.

१. हवेचा जॅक म्हणतात, पण गाडी नक्की कोण उचलते? हवा की तेल?

गाडी तेलच उचलते. साध्या बाटली जॅकमध्ये दांडा वरखाली करून आपण हाताने पंप मारतो. येथे तेच काम हवेवर चालणारी छोटी मोटर करते. कॉम्प्रेसरची हवा एका मोठ्या पिस्टनला ढकलते, त्या पिस्टनला जोडलेला बारीक प्लंजर तेल दाबतो, आणि ते तेल जॅकच्या जाड रॅमखाली (भार उचलणाऱ्या दांड्याखाली) जाऊन त्याला वर सारते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा पास्कलचा नियम दोन्ही प्रकारांत सारखाच लागू होतो. रबरी फुग्यासारखा फुगणारा जॅक हा वेगळा प्रकार आहे. त्यात हवाच भार पेलते आणि त्याचे नियमही वेगळे आहेत. येथील उत्तरे त्याला लावू नयेत.

२. गाडी वर असताना वीज गेली किंवा कॉम्प्रेसर बंद पडला, तर गाडी खाली येईल का?

केवळ हवा बंद झाल्यामुळे येणार नाही. रॅमखाली गेलेले तेल एकमार्गी व्हॉल्व्हमागे अडकलेले असते, त्यामुळे हवेची नळी काढून टाकली तरी जॅक आहे त्या उंचीवर थांबतो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून ही शंका रास्त आहे.

तथापि, एवढ्यावरून जॅक भरवशाचा ठरत नाही. त्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण बसला, जुने सील फाटले किंवा जॅक खाली सोडणाऱ्या रिलीज व्हॉल्व्हला कुणाचा पाय लागला, की तेल परत टाकीत जाते आणि कित्येक टनांची गाडी काही क्षणांत खाली बसते. म्हणून गाडी उचलल्यावर तिचा भार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर (जॅक स्टँड), घेतल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये. घोड्यांविषयी प्रश्न १२ पाहावा.

३. माझ्या गाडीसाठी किती टनांचा जॅक घ्यावा?

गाडीचे एकूण वजन पाहू नये, ज्या ॲक्सलखाली जॅक लावणार त्यावरचा भार पाहावा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाढवलेल्या मर्यादेनुसार चार टायरच्या एकेरी ॲक्सलवर ११.५ टन भाराला परवानगी आहे आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचे भारासह एकूण वजन १८.५ टनांपर्यंत असू शकते. ॲक्सलच्या एका टोकाला जॅक लावला तर साधारण निम्मा भार त्यावर येतो. मात्र माल एका बाजूला कललेला असेल तर हा हिशेब चुकतो, आणि चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) किंवा वाळू भरलेल्या गाड्यांचा भार नेहमी कागदाप्रमाणे असतोच असे नाही. अशा ट्रकसाठी आम्ही २० टनांचा जॅक सुचवतो. टेम्पोसारख्या हलक्या व्यापारी वाहनांना कमी क्षमतेचा जॅक पुरतो, पण तो पूर्ण खाली असताना ॲक्सलखाली शिरतो की नाही हे खरेदीपूर्वी मोजून घ्यावे. कारसाठी हा उभा जॅक सहसा सोयीचा नसतो. तेथे ट्रॉली जॅकच घ्यावा.

क्षमतेची पाटी नसलेला जुना जॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

४. खोक्यातून काढलेल्या नव्या जॅकची जोडणी कोणत्या क्रमाने करावी?

प्रथम सर्व सुटे भाग एका स्वच्छ गोणपाटावर मांडून पुस्तिकेतील यादीशी ताडून पाहावेत. जॅकच्या अंगावर तेलाचे ओघळ, वेल्डिंगला तडा किंवा रॅमवर ओरखडा दिसल्यास जोडणी न करता तो परत करावा, कारण एकदा हवा जोडल्यानंतर दोष वाहतुकीतला की वापरातला हा वाद सुरू होतो.

चाकांचा जॅक असल्यास आधी आस बसवून दोन्ही चाके, त्यांचे वायसर आणि कॉटर पिना लावाव्यात, आणि पिनेची दोन्ही टोके वेगळ्या दिशांना वाकवावीत. नंतर हँडल बसवावे. हँडलचे बोल्ट सुरुवातीला हातानेच फिरवावेत आणि सर्व बोल्ट आट्यांत नीट बसल्यावर पान्याने आवळावेत. एकच बोल्ट आधी करकचून आवळला की उरलेले तिरके बसतात. काही जॅकच्या तेलाच्या टाकीवर वाहतुकीपुरते बंद बूच असते आणि हवा खेळती ठेवणारे बूच वेगळे दिलेले असते. तसे असल्यास ते आताच बदलावे, नाहीतर टाकीत पोकळी निर्माण होऊन जॅक अर्ध्यावर अडतो.

यानंतर हवेची जोडणी. जॅककडच्या टोकाला बंद-चालू करणारा बॉल व्हॉल्व्ह असावाच, म्हणजे काही बिघडल्यास कॉम्प्रेसरपर्यंत धावावे लागत नाही. नळी जॅकला जोडण्यापूर्वी तिच्यातून दोन-तीन सेकंद हवा मोकळी सोडावी. नव्या नळीतही रबराचा भुगा असतो. हे करताना नळीचे टोक घट्ट धरावे आणि ते कुणाच्याही तोंडाकडे नसावे. शेवटी जॅकच्या हवेच्या तोंडात न्यूमॅटिक हत्यारांच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडून नळी जोडावी. आता जॅक जोडला गेला, परंतु तो भार घेण्यास अद्याप तयार नाही. त्यापूर्वी प्रश्न ६ मधील काम करावे.

५. निपल (हवेची नळी जोडण्याचा आट्यांचा तुकडा) घट्ट बसवूनही हवा गळते. टेफ्लॉन टेप आणखी गुंडाळावी का?

टेप वाढवण्यापूर्वी आटे जुळतात का ते पाहावे. पाव इंची मापात बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) आट्यांची संख्या इंचाला १९ असते आणि एनपीटी (अमेरिकी पद्धतीच्या) आट्यांची १८, शिवाय आट्यांचा कोनही पहिल्यात ५५ अंश व दुसऱ्यात ६० अंश असतो. हे दोन्ही भाग एकमेकांत दोन-तीन फेरे सहज शिरतात, त्यामुळे जुळल्यासारखे वाटतात. जोर लावला की पितळेचे आटे कापले जातात आणि मग कितीही टेप लावली तरी गळती थांबत नाही. आयात केलेल्या जॅकसोबत आलेला निपल हरवून स्थानिक दुकानातला लावला की बहुधा हेच घडते.

आटे जुळत असतील तर टेपचे तीन वेढे पुरतात. ते आट्यांच्या दिशेनेच घ्यावेत आणि टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोडावेत, कारण तेथून सुटलेला टेपचा तुकडा थेट हवेच्या मोटरमध्ये जातो. जॅकच्या तेलाच्या बाजूला टेप वापरू नये.

६. "जॅकमधली हवा काढा" असे सांगतात. हवेवरच चालणाऱ्या जॅकमधून हवा कशी काढायची?

ही हवा कॉम्प्रेसरची नव्हे, तर तेलात अडकलेल्या बुडबुड्यांची असते. तेल दाबले जात नाही, बुडबुडे मात्र दबतात; म्हणून अशा जॅकचा रॅम धक्के देत वर जातो किंवा भार आला की नुसता फुरफुरतो.

जॅक सपाट जागी उभा ठेवावा, त्यावर भार नसावा. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवेचा खटका दहा-पंधरा सेकंद दाबावा, म्हणजे तेल फिरत राहून बुडबुडे टाकीत येतात. मग व्हॉल्व्ह बंद करून रॅम पूर्ण वर न्यावा, पुन्हा पूर्ण खाली आणावा, आणि असे दोन-तीन वेळा करावे. रॅम पूर्ण खाली असतानाच बूच उघडून तेलाची पातळी पाहावी. ती भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी. रॅम वर असताना तेल भरले, तर रॅम खाली येताना जास्तीच्या तेलाला जागा राहत नाही आणि सील फाटते.

त्यानंतर रिकाम्या गाडीचे एक टोक जेमतेम उचलून, खाली घोडी लावून, दहा मिनिटे वाट पाहावी. ॲक्सल व घोडी यांच्यामध्ये सोडलेली बोटभर फट कमी झाली, तर जॅक नवा असला तरी कामाचा नाही.

७. हवेचा दाब किती ठेवावा? माझा २० टनांचा जॅक भरलेल्या गाडीखाली अर्ध्यावर थांबतो.

बहुतेक जॅकना ८ ते १० बार, म्हणजे सुमारे ११६ ते १४५ पीएसआय दाब लागतो. नेमका आकडा पाटीवर असतो. त्यापेक्षा कमी दाबावर जॅक चालतो, आवाजही तसाच करतो, परंतु त्याची ताकद कमी झालेली असते. हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. हवेच्या पिस्टनचे क्षेत्रफळ तेलाच्या प्लंजरच्या ८० पट आहे आणि रॅमचा व्यास ६० मिमी आहे असे धरले, तर ८ बार हवेवर तेलाचा दाब ६४० बार होतो आणि जॅक सुमारे १८.५ टन उचलू शकतो. हवा ६ बारवर घसरली, तर तोच जॅक १३.८ टनांच्या आसपास थांबतो. हवेतील २ बारच्या घटीने पावणेपाच टन गेले.

संध्याकाळी गावात विजेचा दाब उतरला की कॉम्प्रेसर रेंगाळतो, आणि लांब, बारीक नळी वापरली तर उरलेला दाबही वाटेत जातो. म्हणून दाब कॉम्प्रेसरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळावर न पाहता जॅकजवळ, खटका दाबलेला असताना पाहावा. पाटीवरील कमाल आकड्यापेक्षा कॉम्प्रेसरचा दाब जास्त असेल, तर मध्ये रेग्युलेटर लावणे आवश्यक आहे. जॅकमधील जादा भाराचा सुरक्षा व्हॉल्व्ह कारखान्यात बसवलेला असतो. जॅक जास्त उचलावा म्हणून त्याचा स्क्रू पिळणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळत नसते, असेच आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

८. पावसाळ्यात जॅकच्या मोटरमधून पाणी उडते. जॅक बिघडला का?

जॅक बिघडलेला नाही, पण हे असेच चालू राहिले तर बिघडेल. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत पाणी किती असते याची कल्पना सहसा येत नाही. ३० अंश तापमानाला आणि ९० टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ती हवा ८ बारपर्यंत दाबून पुन्हा थंड झाली, की त्यातील जेमतेम साडेतीन ग्रॅम वाफ राहते आणि बाकीचे पाणी टाकीत साचते. मिनिटाला ३०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासभर चालला, तर जवळजवळ अर्धा लिटर पाणी जमते.

त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात टाकीच्या तळाचा कॉक रोज सकाळी, आणि काम जास्त असेल तर दुपारीही, उघडावा. कॉम्प्रेसर आणि जॅक यांच्यामध्ये पाणी गाळणारा फिल्टर बसवावा व त्याची वाटी भरण्यापूर्वी रिकामी करावी. दिवसाचे काम संपल्यावर हवेच्या तोंडात तेलाचे थेंब टाकून मोटर काही सेकंद चालवावी, म्हणजे आत राहिलेल्या ओलाव्याने पिस्टन गंजून अडकत नाही.

९. रस्त्यात कॉम्प्रेसर नसतो. ट्रकच्या स्वतःच्या हवेच्या टाकीवर जॅक चालवता येईल का?

टायर भरण्यासाठी कंपनीने दिलेले तोंड असेल, तर त्यावरून चालवता येतो. ब्रेकच्या पाइपमध्ये टी जोडून हवा घेऊ नये. ट्रकमधील दाब साधारण ८ बारच्या घरात असल्याने प्रश्न ७ मधील मर्यादा येथेही आहे. हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतात, आणि हवा भरण्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागते. चालू इंजिनाच्या थरथरीने जॅक सरकू शकतो, म्हणून उचलणे पूर्ण होऊन इंजिन बंद केल्याशिवाय कुणीही चाकाजवळ बसू नये.

१०. जॅकमध्ये कोणते तेल घालावे? ब्रेक ऑइल चालेल का? इंजिन ऑइल?

दोन्ही चालत नाहीत. ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते व त्याने जॅकमधील नायट्राइल रबराची सीले फुगून मऊ पडतात. इंजिन ऑइल जाड असते आणि त्यातील रसायने या कामासाठी नसतात. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे हायड्रॉलिक तेलच घालावे. बाहेर काढलेले तेल ताकासारखे पांढरट दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून सर्व तेल बदलावे.

११. आमच्या अंगणात लाल माती आहे. जॅकखाली काय ठेवावे? चिरा चालतो का?

या प्रश्नाला आम्ही सर्वांत लांब उत्तर देतो, कारण आमच्या भागात जॅकच्या दोषापेक्षा जमिनीच्या दोषाने जास्त गाड्या पडताना आम्ही पाहिल्या आहेत.

समजा, जॅकची बैठक १५ सेंमी चौरस आहे आणि भार १० टन आहे. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ४४ किलो भार येतो. त्याखाली ४५ सेंमी चौरस, न वाकणारी फळी ठेवली, तर तोच भार सुमारे ५ किलोंवर येतो. जुलैमधील भिजलेली लाल माती एवढ्याने पेलतेच असे नाही, पण निदान खचते ते सावकाश आणि डोळ्यांना दिसेल असे. फळी ऐनासारख्या कठीण लाकडाची, किमान तीन-चार इंच जाड असावी आणि तिच्यावर मधोमध दहा-बारा मिमी जाडीची लोखंडी पट्टी ठेवावी. आंब्याच्या पेटीच्या फळ्या एकावर एक रचून उंची वाढवणे धोक्याचे आहे. त्या सरकतात आणि खिळ्याच्या रेषेत फाटतात. किनाऱ्याच्या वाळूत तर गाडी आधी पक्क्या जमिनीवर ओढून आणावी.

कातळ कठीण असतो, पण तो क्वचितच सपाट असतो. उंचवट्यावर टेकलेली बैठक तिरकी होते आणि भार रॅमच्या एका कडेवर येतो.

आता चिऱ्याविषयी. जांभ्याच्या चिऱ्याचे घर शंभर वर्षे उभे राहते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. परंतु भिंतीत चिरा चारी बाजूंनी दाबलेला असतो आणि भार त्याच्या पूर्ण अंगावर पसरलेला असतो. जॅकखाली किंवा ॲक्सलखाली तो एकटा असतो आणि भार एका ठिपक्यावर येतो. जांभा सच्छिद्र आहे. आत पोकळी कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि भिजल्यावर तो आणखी कमकुवत होतो. आमच्याच शेडमध्ये एकदा घोडी अपुरी पडली म्हणून चाकाच्या ब्रेक ड्रमखाली चिरा ठेवला होता. फुटण्याआधी त्याच्या कडेवरून लाल भुगा दोनदा गळला. तो काम करणाऱ्या आम्हा दोघांनाही दिसला, आणि तरीही आम्ही काम थांबवले नाही. तिसऱ्या वेळी चिरा मधोमध फुटला आणि ड्रम जमिनीवर आदळला. माझा हात काही क्षणांपूर्वी तेथेच होता. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये आधारासाठी चिरा, वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक वापरत नाही, अगदी थोड्या वेळासाठीही नाही.

१२. घोड्या किती आणि कुठे लावाव्यात? चाक बदलणे पाच मिनिटांचे काम आहे, तरीही लावाव्यात का?

होय, लावाव्यात. जॅकला पाच मिनिटे आणि पाच तास यांतला फरक कळत नाही. एक बाजू उचलली तर त्या बाजूला एक घोडी, पूर्ण ॲक्सल उचलला तर दोन्ही टोकांना एकेक, आणि प्रत्येकीची क्षमता तिच्यावर येणाऱ्या भारापेक्षा जास्त असावी. घोडी ॲक्सलच्या हौझिंगखाली, कमानपाट्याच्या बैठकीजवळ लावावी. डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलच्या मधल्या) गोळ्याखाली मधोमध जॅक लावून दोन्ही चाके एकदम उचलण्याचा मोह टाळावा, कारण गाडी एका टेकूवर तोललेली राहते. घोडीचे पाय प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे फळीवरच असावेत. घोडी लावल्यावर जॅक थोडा सोडून भार तिच्यावर घ्यावा, आणि जॅक तेथेच, नुसता टेकलेला ठेवावा.

१३. गाडी उचलण्याचा योग्य क्रम कोणता?

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि प्रवाशांना खाली उतरवावे. जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून पाचरी लावाव्यात. बहुतेक ट्रकचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो; मागचा ॲक्सल उचलला की गाडी ब्रेकविना उभी आहे असे समजावे, आणि पुढच्या चाकांच्या पाचरी हाच तिचा ब्रेक. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, म्हणजे गाडी वर असताना ताकद लावून तिला हिसके द्यावे लागत नाहीत.

जॅक बरोबर उभा ठेवावा, वरचा स्क्रू फिरवून उरलेले अंतर भरून काढावे, आणि डोके ॲक्सलला टेकेपर्यंत खटका थोडा थोडा दाबावा. टेकल्यावर थांबून, बाजूला उभे राहून, जॅक दोन्ही दिशांनी सरळ आहे का ते पाहावे. नंतर एका दमात न उचलता दर काही सेंटिमीटरला थांबावे. डोके आणि ॲक्सल यांमध्ये लाकडाचा लहान तुकडा घालू नये. तो भाराखाली उडतो. रॅमवर तांबडी खूण किंवा खाच दिसू लागली, की उचलणे तेथेच थांबवावे.

१४. गाडी खाली सोडताना ती एकदम आदळते. काय चुकते?

रिलीज व्हॉल्व्ह जास्त उघडला जातो. पाव फेऱ्याहूनही कमी फिरवून थांबावे, वेग पाहावा, मग लागेल तेवढाच आणखी फिरवावा. काही मॉडेलांत यासाठी वेगळा खटका असतो. त्याआधी गाडीखाली अवजार, नट किंवा माणूस नाही याची खात्री करून मोठ्याने "सोडतोय" असे सांगावे.

१५. घाटात टायर फुटला तर उतारावरच जॅक लावता येईल का?

लावू नये. कशेडी, परशुराम, कुंभार्ली किंवा आंबोली, कोणताही घाट असो, उतारावर जॅक सरळ उभा केला तरी गाडी वर जाताना ॲक्सल कमानीच्या रेषेत फिरतो आणि रॅमला आडवे ढकलतो. जोडचाकांपैकी एकच टायर गेला असेल, तर अगदी सावकाश पुढच्या सपाट जागेपर्यंत जाणे बरे. टायर खराब होईल, पण तो परवडतो. गाडी हलवता येत नसल्यास पाचरी लावून, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवून, क्रेन मागवावी. धुक्यात किंवा पावसात वाहतुकीला धोका होत असल्यास ११२ वर कळवावे.

१६. जोडचाके किंवा रिंगची चाके (ज्यांत टायर सुट्या लोखंडी रिंगने अडवलेला असतो) काढताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?

होय. नटाला हात लावण्यापूर्वी त्या जागेच्या दोन्ही टायरांतील हवा पूर्ण सोडावी. आतल्या डिस्कला तडा गेलेला असेल, तर आतापर्यंत नटांनीच ती धरून ठेवलेली असते; नट सैल होताच दाबाखालची रिंग किंवा डिस्क तोफगोळ्यासारखी सुटते. म्हणजेच प्रश्न १३ मधील नट आधी सैल करण्याची सूचना येथे हवा सोडल्यानंतरच लागू होते.

१७. एअर सस्पेन्शनच्या बसला हाच जॅक चालतो का?

चालतो, परंतु कंपनीने दाखवलेल्या जागीच. अशा बसमध्ये ॲक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये हवेचे फुगे असतात. ॲक्सल घोडीवर असला तरी फुग्यातील हवा गेली की बॉडी खाली बसते आणि मधल्या जागेत असलेला माणूस चिरडला जातो. त्यामुळे चासीला स्वतंत्र घोड्या दिल्याशिवाय त्या जागेत डोके घालू नये.

१८. वाकलेला पत्रा किंवा बंपर सरळ करायला जॅक आडवा लावला तर चालेल का?

बाटलीच्या आकाराचा जॅक आडवा केला की तेल ओढणारे तोंड तेलाबाहेर येऊन पंप हवा ओढू शकतो. शिवाय आडव्या जॅकला पडण्यापासून रोखणारे काही नसते. या कामासाठी वेगळा पंप आणि नळीने जोडलेला सिलिंडर मिळतो.

१९. जॅकमधून तेल गळते, पण कुठून ते कळत नाही. चालू करून हाताने चाचपावे का?

कधीही चाचपू नये. प्रश्न ७ मध्ये दाखवल्याप्रमाणे आत शेकडो बार दाब असतो. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेरून फक्त बारीक ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून लोक हात पुसून कामाला लागतात. आत मात्र तेल पसरत जाते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्याची नुसती शंका आली, तरी दुखण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, गरज पडल्यास १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, आणि "दाबाखालचे तेल हातात शिरले आहे" या शब्दांत डॉक्टरांना सांगून तेलाचा डबाही दाखवावा.

गळती शोधण्यासाठी जॅक पुसून कोरडा करावा, भार न देता चालवावा आणि पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून तो कुठे ओला होतो ते पाहावे.

२०. खाऱ्या हवेत जॅक लवकर गंजतो. कसा जपावा?

काम संपल्यावर रॅम पूर्ण खाली करून ठेवावा, म्हणजे त्याची चकाकी तेलात राहते. वर ठेवलेल्या रॅमवर खार बसून बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक वेळी खाली-वर होताना ते सील कापतात. नख फिरवून खड्डा जाणवला, तर नुसते सील बदलून उपयोग नाही. रॅमही बदलावा लागतो. उघडे राहणारे भाग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, त्यांवर तेलाचा हलका हात फिरवावा. जॅक जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा.

२१. हा जॅक लावून होडी उचलता येते का?

पावसाळ्यापूर्वी होड्या वर घेतल्या की हा प्रश्न येतोच. वाहनाचा ॲक्सल एका बिंदूवर भार पेलण्यासाठी बनवलेला असतो, होडीचा तळ तसा नसतो. फायबरच्या तळाला जॅकचे डोके भोक पाडते आणि लाकडी होडीचे सांधे सुटतात. शिवाय खाली वाळू असते. होडीसाठी तिचा भार लांबवर पसरवणारी लाकडी चौकटच योग्य.

२२. पुरात बुडालेला जॅक धुऊन वापरता येईल का?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हा प्रश्न बराच आला आणि अजूनही दर पावसाळ्यात येतो. उत्तर असे की, तो आहे तसा चालवून पाहू नये. वासिष्ठीच्या पुराचा गाळ अतिशय बारीक असतो. हवा खेळती ठेवणाऱ्या बुचातून तो टाकीत आणि हवेच्या तोंडातून मोटरमध्ये गेलेला असतो. एकदा खटका दाबला, की तोच गाळ एकमार्गी व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतो.

सर्व तेल काढून जॅक पूर्ण खोलावा, प्रत्येक भाग स्वच्छ तेलाने धुवावा, सील किट संपूर्ण बदलावे आणि नंतर नव्या जॅकप्रमाणे प्रश्न ६ मधील चाचणी करावी. रॅमवर किंवा सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे दिसले, तर खर्च करण्यात अर्थ नाही. अशा वेळी तो जॅक भंगारात देण्यापूर्वी त्याचा रिलीज व्हॉल्व्ह आणि हवेचा निपल काढून टाकावा, म्हणजे दुसरे कुणी तो पुसून पुन्हा गाडीखाली लावणार नाही.